शेवंताबाईचं टेबल

सुनेनं स्वयंपाकघर तोडायला काढलंय. भिलाईजवळच्या जुनवानीतलं मुलाचं-सुनेचं घर काही जुनं नाही, पण फॅशन बदलली आणि ओटा नकोसा झाला. परवा एक पोरसवदा डिझायनर आला आणि मोबाईलवर चित्रं दाखवायला लागला. मधोमध मोठं लाकडी टेबल, बाजूला चार पायांचं कपाट, भांड्यांची मांडणी, सगळं आपापल्या पायांवर उभं, भिंतीला काही म्हणजे काही चिकटलेलं नाही. मला म्हणतो, "आंटी, ये एकदम नया है. फ्री-स्टँडिंग बोलते हैं." मी म्हटलं, बाबा रे, तुझा बाप चड्डीत होता तेव्हा सेक्टर दहामधल्या आमच्या लाईनीत एका बाईनं हे केलं होतं, आणि हौसेनं नाही, जीव वाचवायला केलं होतं. तो हसला. सूनही हसली. म्हातारी बोलते तर बोलू द्यावं, असं ते हसणं.

मला राग आला. तो आला म्हणूनच हे लिहायला बसले. शेवंताबाई लांजेवार कोण होती हे सांगणारं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

आम्ही भिलाईला आलो तेव्हा पोलादाचा प्लांट अर्धा वर आणि अर्धा खड्ड्यात होता. लाल धूळ जेवणात, अंथरुणात, दातात. दिवसभर कुठे ना कुठे सुरुंग उडायचे, क्वार्टरच्या काचा थरथरायच्या आणि पाळण्यातली पोरं दचकून रडायची. आमचे हे ऑफिसात कारकून. आम्ही वर्ध्याकडचे. शेजारच्या क्वार्टरमध्ये नत्थूजी लांजेवार, फिटर, भंडाऱ्याकडचा, धानाच्या शेतीतून उठून आलेला माणूस. त्याची बायको शेवंता. त्यांच्या आणि आमच्या स्वयंपाकघरात एकच भिंत.

क्वार्टर ताब्यात देताना ओव्हरसियर प्रत्येकाला एकच दम द्यायचा. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, फळी बसवायची नाही. जे भिंतीला किंवा फरशीला पक्कं लागलं ते प्लांटचं झालं, क्वार्टर सोडताना काढून नेता येणार नाही. नुसतं उभं असेल ते तुमचं. बाकीच्यांनी ऐकलं आणि विसरले. शेवंताबाईनं ते धरून ठेवलं. "भिंतीले लागलं ते प्लांटचं, उभं ते आपलं," असं ती बोलता बोलता म्हणायची, दुसऱ्या बायका देवाचं नाव घेतात तसं.

बाई अंगानं दांडगी. उंच, रुंद खांद्यांची, सावळी, कपाळावर ठसठशीत कुंकू. बोलायला लागली की लाईनीच्या टोकाला झोपलेली कुत्री उठून बसायची. कोणाकडेही गेली तरी आधी दार बघायची आणि मग बसायची, ती पाठ भिंतीला लावूनच. हळदीकुंकवाला आमच्याकडे आली की मी सतरंजी टाकलेली असेल तिथे नाही बसणार, सतरंजीच ओढून कोपऱ्यात नेणार. चहा उभ्यानं. दुसऱ्याच्या घरातलं कपाट दिसलं की एका हातानं ओढून पाहायची, हलतं की नाही ते. नाही हललं तर म्हणायची, "याच्या मांगं काय हाय ते तुमाले कधी दिसनार वं? ज्याच्या मांगं पायता येत नाई ते घरात ठेवू नये." मला आधी ही सगळी चक्रमपणाची लक्षणं वाटायची.

त्या क्वार्टरांतलं स्वयंपाकघर कसं होतं ते सांगायला हवं. कोपऱ्यात गुडघ्याएवढा सिमेंटचा ओटा, त्यातच दोन चुली रोवलेल्या, वर धुराडं. पाटावर बसून रांधायचं. तोंड भिंतीकडे आणि पाठ दाराकडे. आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही. आमच्या आयाही तशाच रांधत होत्या.

एका दुपारी त्या सामाईक भिंतीतून धडाडधूम आवाज आला. पितळेचं भांडं गडगडत गेलं आणि मग काहीतरी जड पडलं. मी कणीक भिजवत होते, तशीच थांबले. रडणं ऐकू येईना. ऐकू आल्या त्या शिव्या, शेवंताबाईच्या, अशा की माझे कान तापले. दुसऱ्या दिवशी ती पाण्याला आली तेव्हा डाव्या हाताला हळदतेलाची चिंधी. मी विचारलं तर लपवालपवी नाही केली. चुलीसमोर बसली होती, त्यानं मागून येऊन लाथ घातली, ती पुढे गेली आणि हात तव्यावर टेकला. वरणात मीठ कमी होतं, एवढंच कारण.

"बसल्या बाईले लात मारता येते, वहिनी," ती म्हणाली. "उभ्या बाईले हात उचलाव लागते. हात येताना दिसते. लात दिसत नाई."

तो हात पुढे बरा झाला, पण तळवा कायमचा गुळगुळीत राहिला, रेघा नसलेला. विचारात पडली की ती तो तळवा लुगड्यावर घासायची.

आणि नत्थूजी? लोकांना वाटतं बायकोला मारणारा म्हणजे दारुडा, लाल डोळ्यांचा. हा दारूच्या थेंबाला शिवायचा नाही. बारका माणूस, दोरासारखा पिळलेला. मला पाहिलं की हात जोडून "नमस्कार, वहिनी" म्हणायचा. प्लांटमध्ये त्याचा मान होता. मशीन जमिनीत बसवायचं काम त्याच्याकडे. खड्ड्यात लोखंडी बोल्ट रोवायचे, सिमेंट ओतायचं आणि मशीन असं जखडायचं की जन्मभर थरथरायला नको. "माह्यं मशीन हलत नाई," हे त्याचं वाक्य. घरातही त्याला काही हललेलं खपायचं नाही. मूल नव्हतं, त्यावरून मार. माहेरचं नाव काढलं की मार. माहेरी तसंही भावजयांचं राज्य होतं, तिथे तिला दारात उभं कोणी केलं नसतं. शुद्धीत राहून, मोजूनमापून मारायचा, आणि मग हात धुऊन जेवायला बसायचा. मला विचाराल तर दारुडा परवडला.

पण शेवंताबाई म्हणजे गरीब गाय होती असं कोणी समजू नये. तिच्याही हाताला चळ होता. लाईनीच्या नळावर बांधकामावरच्या रेजा, म्हणजे गवंड्यांच्या हाताखाली राबणाऱ्या बाया, पाणी प्यायला यायच्या. त्यांत एक दुकालहीन नावाची, जुनवानीची. जुनवानी तेव्हा साधं खेडं होतं. एकदा ठेकेदाराच्या मुनशीनं दुकालहीनचा दंड धरला आणि सोडेचना, हसत उभा. शेवंताबाईची बादली भरत आली होती. ती पुरती भरू दिली तिनं. मग उचलली आणि पाण्यासकट त्याच्या तोंडावर हाणली. तो चिखलात बसला, नाकातून रक्त. ती म्हणाली, "उठ. अजून एक बादली हाय." तो उठला नाही, रांगत गेला. लाईनीतल्या पुरुषांनी त्यावर बरीच नाकं मुरडली. शेवंताबाई पुन्हा बादली नळाखाली लावून उभी, जसं काही झालंच नाही.

या दुकालहीनचा नवरा बिसाहू, सुतार. रशियाहून मशीनं यायची ती चिडाच्या, म्हणजे पाइनच्या लाकडाच्या, जाड फळ्यांच्या खोक्यांतून. रिकामी खोकी जळाऊ लाकडाच्या भावात निघायची, त्यामुळे आमच्या सेक्टरात घरोघरी स्टूल नाहीतर पाट असा होता ज्यावर परकी काळी अक्षरं होती. शेवंताबाईनं त्याच फळ्यांचं टेबल करायला सांगितलं, कमरेएवढं उंच, जाड पायांचं. जाळीचं कपाट, तेही चार पायांवर. भांड्यांची मांडणी, तीही उभी. बिसाहूनं आपलं चांगलं म्हणून विचारलं, "बाई, भिथिया म लगा दँव?" भिंतीला लावून देऊ का, असं.

"भिंतीले काईच नाई लावायचं. मधात ठेव."

टेबल तिनं स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवलं. एका टोकाला पत्रा, पत्र्यावर वाळू आणि वाळूवर कोळशाची शेगडी. सिमेंटच्या ओट्यावर गोवऱ्या आणि कोळसा रचून टाकला, म्हणजे तिथे कोणी बसायलाच नको. ती टेबलाच्या पलीकडे उभी राहून रांधायची, तोंड दाराकडे. कोण आलं ते आधी दिसायचं, आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंनी निघायला वाट.

लाईनीतल्या बायका बघायला आल्या. उभ्यानं रांधलेलं अंगी लागत नाही, म्हणाल्या. मेमसाब झाली, म्हणाल्या. मीसुद्धा म्हटलं, कंबर दुखेल गं. तिनं टेबलाच्या बाजूच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे काळ्या रंगात एक पेला आणि एक छत्री काढलेली होती. "हे काय हाय, वहिनी?" आमच्या ह्यांनी सांगितलं होतं ते मी तिला सांगितलं. माल नाजूक आहे, फुटेल, पाण्यापासून जपा. तिनं त्या पेल्यावरून बोट फिरवलं. "लाकडाले एवढं जपतेत," म्हणाली, आणि भाकर उलटली.

टेबल आलं आणि तिचा हात मोकळा झाला. एका वेळी ढिगानं भाकरी व्हायच्या. प्लांटच्या हॉस्टेलातल्या एकट्या पोरांना मेसचं खाऊन कंटाळा आला होता, त्यांना ती डबे द्यायला लागली, झुणका, भाकर, भात, आंबट वरण. नवऱ्याला पत्ता नाही. तो पहिल्या पाळीला गेला की रांधायची आणि तो यायच्या आत डबे रवाना. पहिल्यांदा तिच्या कमरेला स्वतःच्या कमाईची पिशवी आली. तेव्हा मला कळलं तिच्या मनात काय आहे. "सामान आपलं, हात आपले. कुठंबी मांडता येते," ती म्हणाली. तिला निघून जायचं होतं, आणि स्वयंपाकघर घेऊन जायचं होतं. रिकाम्या हातानं गेलेली बाई चार दिवसांत परत येते, हे तिनं पाहिलं होतं.

मग ती दुपार आली. नत्थूजी आला तो कशावरून तरी धुमसतच. खिडकीतून अर्ध्या लाईनीनं पाहिलं. तो टेबलाच्या या बाजूनं गेला की ती त्या बाजूनं. तो त्या बाजूनं आला की ती या बाजूनं. हातात झारा. तो वरून झेपावला तर शेगडीचा चटका बसला आणि मागे सरला. गरगर फिरला बिचारा, दम लागला, दाराला टेकून धापा टाकायला लागला. आणि शेवंताबाई हसली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी. बाहेर मीही हसले, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी प्लांटमध्ये त्याचं नाव पडलं, घाण्याचा बैल.

ते हसणं त्यानं व्याजासकट वसूल केलं. रविवारी तो दोन पोत्यांतून काहीतरी घेऊन आला. सिमेंट, बोल्ट, लोखंडी पट्ट्या. शेवंताबाईला त्यानं बाहेरच्या खोलीत कोंडलं. ओट्यावरचा कोळसा अंगणात फेकला. टेबल ओढत कोपऱ्यात नेलं, ओट्याला खेटून, भिंतीला लावून. फरशी छिन्नीनं फोडली. चारही पायांना पट्ट्या ठोकल्या, पट्ट्यांतून बोल्ट, बोल्ट खड्ड्यात, वर सिमेंट. मशीन बसवतात तसंच, ओळंबा लावून. कपाटाचे पायही तसेच रोवले. दिवसभर आमच्या भिंतीवर घाव ऐकू येत होते. मग कडी काढून तिला आत आणली.

"आता फिर," तो म्हणाला. भिंतीतून मला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. "फरशीले लागलं ना? प्लांटचं झालं. आता तुह्यं या घरात काईच नाई."

मग तिला त्या कोपऱ्यात घालून मारलं. पळायला जागा नव्हती. मी आमच्या बाजूनं भिंतीवर मुसळ आपटलं, आमचे हे त्याच्या दाराशी जाऊन ओरडले, तेव्हा थांबला. दार उघडून ह्यांना म्हणाला, "नमस्कार, साहेब. घरची गोठ हाय."

सकाळी मी गेले तर तिचा एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला. रडत होती. मारासाठी नाही. टेबलावर हात ठेवून रडत होती. "वहिनी, माह्यं टेबल नेलं त्यानं," म्हणाली. टेबल तर समोरच होतं, पण मला समजलं. मलाही रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

आता इथे त्या शहाण्या फिटरची चूक सांगते. नवं सिमेंट पक्कं व्हायला त्याला रोज पाणी पाजावं लागतं. इकडे त्याला तराई म्हणतात. आणि तराई हे बायांचं काम. साईटवर पुरुष सिमेंट ओततात आणि निघून जातात, मग रेजा हंडे घेऊन येतात आणि दिवसदिवस पाणी टाकतात. साहेबापासून गवंड्यापर्यंत कोणी तिकडे बघत नाही, कारण ते काय, पाणी टाकायचं काम. नत्थूजीनं जन्मात कधी तराई केली नव्हती. घरीही त्यानं सिमेंटवर पोती गुंडाळली आणि पाळीला जाता जाता बायकोला सांगून गेला, "पानी टाकत रायजो. पोतं सुकाले नोको."

दुकालहीन तिला बघायला आली होती. ती कोपऱ्यात उकिडवी बसली, पोतं उचलून पाहिलं, बोटानं सिमेंट दाबलं. मग शेवंताबाईकडे पाहून हळूच म्हणाली, "पानी नइ पाही त सिरमिट भरभरा जाही, बाई." पाणी नाही मिळालं तर सिमेंटचा भुगा होईल.

मे महिना होता. भिलाईचा मे म्हणजे भट्टीच्या तोंडाशी बसणं. नत्थूजी गेला की शेवंताबाई पोती काढून टाकायची. पेटलेली शेगडी टेबलाखाली त्या पायांजवळ ठेवायची. टेबलाला दोन्ही हातांनी धरून हलवायची, आधी हललं न हललं असं, रोज. पाळी सुटल्याचा भोंगा वाजला की पोती परत गुंडाळायची आणि वरून तांब्याभर पाणी. तो आल्या आल्या वाकून पोत्याला हात लावायचा. ओलं असायचं. समाधानानं हात पुसायचा. त्या दिवसांत तिनं त्याला उलट उत्तर दिलं नाही, मारलं तरी शिवी दिली नाही. लाईनीतल्या बायका म्हणाल्या, बाई सुधारली. मला मात्र तिच्याकडे बघायची भीती वाटायची.

शेवट झाला तेव्हा मी तिथेच होते. चाळणी परत करायला गेले होते, अंगणाकडच्या दारात उभी. ती कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून भाकरी थापत होती. पुढचं दार धाडकन उघडलं. पाळीवर कोणीतरी पोरगं भोळेपणानं त्याला बोललं होतं, नत्थूजी, वहिनीच्या झुणक्याला तोड नाही. बायकोच्या हातचं बाहेरच्यांनी खाल्लं आणि आपल्याला पत्ता नाही. त्याच्या हातात मोठा पाना होता, बोल्ट आवळायचा, हातभर लांब. सरळ आत आला आणि तिचे केस धरले आणि तिचं तोंड टेबलावर आपटलं. पीठ उडालं. परत आपटलं. पिठात रक्त. मी ओरडले बहुतेक. त्यानं पाना वर उचलला.

शेवंताबाईनं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. तिनं अंगाचा सगळा भार मागे टाकला. आधी कर्र आवाज आला, मग मडकं फुटल्यासारखा. चारी पाय खड्ड्यातून वर आले, बोल्टांसकट, पायांना सिमेंटचे गोळे लटकलेले. तो एक पाऊल मागे सरला. त्याच्या तोंडावर मला भीती नाही दिसली, आश्चर्य दिसलं. त्यानं जखडलेलं हललं होतं. तेवढ्यात तिनं टेबल फिरवलं, शेगडी खाली गेली, निखारे फरशीभर, आणि त्या निखाऱ्यांतून अनवाणी पळत तिनं टेबल त्याच्यावर घातलं. तो समोरच्या भिंतीला जाऊन आपटला. टेबलाची कड त्याच्या पोटात. पाना खाली पडला. ती थांबली नाही. पाय रोवले आणि दाबत राहिली.

त्याचा श्वास कोंडला. तोंड आधी लाल, मग जांभळं. हात टेबलावर आपटायला लागला. तिच्या नाकातून रक्त गळून फळीवर पडत होतं आणि ती त्याच्या डोळ्यांत बघत होती.

"शेवंते, सोड," मी म्हटलं. "मरेल तो."

"मालूम हाय मले."

आणि अजून दाबलं. मी शपथेवर सांगते, त्या क्षणी तिनं ठरवलेलं नव्हतं. मारायचं की सोडायचं ते तिच्या हातातच होतं आणि हात अजून बोलले नव्हते. त्याचे डोळे फिरायला लागले. मग शिव्या सोडल्या तर जन्मात पहिल्यांदा तिनं नवऱ्याला अरेतुरे केलं.

"भिंतीले लागलं ते प्लांटचं," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, बाजारात भाव सांगावा तसा. "तू भिंतीले लागला. तुले इथंच ठेवून जाते म्हनते मी, अन् उभं सामान माह्यं. हाव का नाई, बोल."

त्याला बोलता येईना. मान हलवली.

"तोंडानं बोल. वहिनी आयकून राहिली."

"हाव," तो म्हणाला. कसाबसा.

तिनं टेबल मागे घेतलं. तो भिंतीवरून घसरत खाली बसला आणि ओकायला लागला. ती कपाटाकडे गेली, ते हलवलं, तेही निघालं.

सामान आम्ही बायकांनी बाहेर काढलं. आधी मी आणि ती, मग समोरची आली, मग तिची सासूसुद्धा, जी म्हणत होती उभ्यानं रांधलेलं अंगी लागत नाही. पुरुष आपापल्या दारात उभे. कोणी मदत केली नाही, कोणी अडवलंही नाही. दुकालहीननं बैलगाडी आणली. टेबल उलटं टाकलं, पाय आभाळाकडे, पायांना सिमेंटचे गोळे. शेवंताबाई गाडीत बसली नाही. भाजलेल्या पावलांनी गाडीमागे चालत गेली, एक हात टेबलावर ठेवून. वळून पाहिलं नाही. मला वाईट वाटलं, मग लक्षात आलं, एरवी कोणाकडे पाठ न करणारी बाई आज बिनधास्त पाठ करून चालली होती.

नंतर बरेच दिवस मी जुनवानीला गेले नाही. पोरं लहान, वाट उन्हाची, आणि आमच्या ह्यांना ते आवडलं नसतं. गेले तेव्हा थंडीचे दिवस होते. बिसाहूच्या घराच्या परछीत, म्हणजे पुढच्या पडवीत, तिनं स्वयंपाकघर मांडलं होतं. तेच टेबल, तेच कपाट, तीच मांडणी. तोंड रस्त्याकडे. मी वळणावर असतानाच हाक आली, "ये वं वहिनी, मघापासून पायून राहिली तुले." खाली अंगणात कामगार ओळीनं जेवायला बसलेले. टेबलाच्या पायांना सिमेंटचे गोळे अजून तसेच होते. मी म्हटलं, हे फोडून का नाही टाकले?

"राहू दे. टेबल डगमगत नाई त्याच्यानं," ती म्हणाली. "काम पक्कं करते तो."

आणि तिनं मानेनं ओळीच्या शेवटाकडे दाखवलं. तिथे नत्थूजी बसला होता. मांडी घालून, मान खाली, समोर ताटली. बाकीच्यांसारखाच जेवायला आलेला, पाळी सुटल्यावर. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, याला वाढतेस तू? याला?

तिनं तो बिनरेघांचा तळवा लुगड्यावर घासला. त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बसला हाय ना तो," ती म्हणाली. "बसल्या मानसाले लात मारता येते, वहिनी. रोज पायते मी त्याच्याकडे. म्या मारली नाई अजून."

मग तिनं तव्यावरची भाकर उचलली आणि टेबलामागूनच त्याच्या ताटलीत भिरकावली.